शिडाची हौस आणि सुताराचा हात

शंकेखोर : शिडाच्या बोटीचं कौतुक करणारे लोक बहुतेक किनाऱ्यावर राहतात, हे मी लहानपणापासून बघत आलोय. आमच्या घरी मचवा होता. वडील शिडावर जायचे. वारा पडला की वल्ही मारायची, वारा समोरून आला की दिवसभर नागमोडी हिंडून संध्याकाळी जवळपास होतो तिथेच. मासळी बंदराला लागेपर्यंत भाव उतरलेला असायचा. कर्ज काढून एंजिन बसवलं त्या वर्षी शीड माळ्यावर गेलं, आणि घरात कुणाला हळहळ वाटली नाही. उलट आईने देवाला नारळ दिला. आता तुमच्यासारखी शिकलेली माणसं भंगारातून जुनी बोट आणतात, शनिवार-रविवार सँडपेपरने घासत बसतात, इपॉक्सीने हात खराब करून घेतात आणि म्हणतात, हे जगणंच वेगळं. आम्ही ज्यातून सुटलो त्यात तुम्ही पैसे मोजून शिरताय. असं का, एवढं सांगा.

हौशी : तुमच्या वडिलांना दुसरा रस्ता नव्हता आणि मला आहे, हे मान्य करूनच बोलतो. पण शिडाकडे परत जाणारा प्रत्येक जण पोट भरलेला असतो, हे खरं नाही. जोशुआ स्लोकमचं बघा. आयुष्यभर शिडाच्या मालवाहू जहाजांवर कप्तान. १८९० च्या सुमाराला वाफेच्या जहाजांनी शिडांची सद्दी संपवली आणि हा माणूस पन्नाशीत बेकार झाला. कुणी तरी त्याला मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवन गावी एक बोट देऊ केली. ती होती कुरणात, वर्षानुवर्षं पाण्याबाहेर, कुजलेली. नाव 'स्प्रे'. गावातले लोक विचारायचे, मोडून टाकणार का? त्याने जवळच उभा असलेला ओक तोडला आणि एकेक लाकूड बदलत अख्खी बोट नवी केली. १३ महिने आणि ५५३ डॉलर ६२ सेंट लागले. पावणेसदतीस फुटांची बोट. २४ एप्रिल १८९५ ला बॉस्टनहून निघाला, २७ जून १८९८ ला परतला. ४६,००० मैल, एकटा. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला. ही हौस नव्हती, बेकारीतून काढलेली वाट होती.

शंकेखोर : तो मुरलेला कप्तान होता, हे तुम्ही घाईत सांगून टाकलंत. सुट्टीच्या दिवशी बोट घासणाऱ्याने स्लोकमचा दाखला देऊ नये. आणि गोष्ट तुम्ही मधेच थांबवलीत. १९०९ मध्ये त्याच बोटीतून तो पुन्हा निघाला आणि परत आला नाही. तो कसा गेला हे आजवर कुणाला कळलेलं नाही. आमच्या वाडीत अशी दोन-तीन घरं आहेत. तिथे या विषयावर कुणी उत्साहाने बोलत नाही. बरं, ते राहू द्या. तुम्ही नेहमी म्हणता, शिडाच्या प्रवासात शोध लागतात. स्लोकम निघाला तेव्हा जगाचा नकाशा पुरा झालेला होता. त्याने कोणतं बेट शोधलं?

हौशी : बेट नाही शोधलं. बोट शोधली. थर्सडे आयलंड ते कीलिंग बेटं, ऑस्ट्रेलियाच्या टोकापासून हिंदी महासागराच्या मध्यापर्यंत, २,७०० मैल तो २३ दिवसांत गेला. त्या २३ दिवसांत सुकाणूचं चक्र त्याच्या हातात एकूण तीन तासांहून जास्त नव्हतं. चक्र बांधून ठेवायचा आणि खाली जाऊन पुस्तक वाचायचा. लांबलचक कणा, रुंद पोट, शिडांचा तोल, हे सगळं असं जुळलं होतं की बोट आपली दिशा आपण धरायची. हे त्याने कागदावर आखलेलं नव्हतं. जुन्या सांगाड्यावर फळ्या चढवताना त्याने बोटीची उंची थोडी वाढवली, वाटेत डोलकाठी छोटी केली, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला मागच्या बाजूला आणखी एक लहान शीड उभारलं. प्रत्येक बदलानंतर बोट वेगळी वागली आणि तो बघत गेला. मी शोध म्हणतो तो हा. हाताने एक गोष्ट बदलायची आणि समुद्र काय उत्तर देतो ते बघायचं.

आणि माणसंही भेटतात. याच सफरीत तो दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवालचे राष्ट्राध्यक्ष क्रूगर यांना भेटला. प्रदक्षिणा अर्ध्याहून अधिक झाली होती, आणि हे राष्ट्राध्यक्ष त्याला समजावू लागले की पृथ्वी सपाट आहे, तेव्हा तिच्याभोवती जाता येणारच नाही!

शंकेखोर : म्हणजे एवढा प्रवास करून पुरावाही पटला नाही. माझाच मुद्दा झाला. पण तुमच्या 'हाताने बदलायचं' यावर बोलतो. मी बोटीची कामं केली आहेत. पावसाळ्यात मचवा वर ओढायचा, तळाची शेवाळं-शिंपले खरवडायचे, सांध्यातला जुना कापूस काढून नवा ठासायचा, वर तेल चोपडायचं. यात ज्ञान आहे, नाही कसं? पण ते कामाचं ज्ञान आहे. तुम्ही त्याला एकदम अध्यात्माच्या पातळीवर नेता, ते मला पचत नाही. बिघडलेला पंप दुरुस्त केला तर पंप दुरुस्त झाला. माणूस दुरुस्त झाला असं समजायचं कारण नाही.

हौशी : अध्यात्म नको, पंपच घेऊ. १९६८ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता जग फिरण्याची पहिली शर्यत झाली. नऊ जण निघाले, एकच पोचला. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. ३१२ दिवस. त्याची 'सुहैली' ३२ फुटांची, सागवानी, आणि बांधली कुठे? मुंबईत, १९६४ मध्ये पाण्यात उतरली. शर्यतीच्या सुरुवातीलाच अटलांटिकमध्ये कण्याजवळच्या सांध्यातून पाणी यायला लागलं. हा पाण्यात उडी मारून तळाशी जाणार, श्वास पुरेल तेवढा वेळ कापूस ठासणार, वर येणार. कापूस टिकेना. मग कॅनव्हासची लांब पट्टी डांबरात बुडवून खिळ्यांनी ठोकली, वर तांब्याची पट्टी. मधे शार्क आला, तर वर येऊन बंदुकीने त्याला मारला आणि पुन्हा कामाला लागला. पुढे बॅटरी चार्ज करायच्या एंजिनाचा मॅग्नेटो बिघडला. त्यातली फट इंचाच्या हजाराव्या भागात मोजावी लागते आणि मोजायची पट्टी बोटीवर नाही. त्याने पुस्तकाची पानं मोजली. दोनशे पानांचा एक इंच. म्हणजे एक पान पाच हजारांश. तीन पानं फटीत घातली, झालं काम. दोन महिन्यांत रेडिओ बंद पडला, ऑस्ट्रेलियाजवळ आपोआप सुकाणू सांभाळणारं यंत्र मोडलं. पुढचा अर्धा गोल तो शिडांच्या तोलावर आला. माझं म्हणणं इतकंच की समुद्रावर थाप चालत नाही. हाताने काम करणाऱ्या माणसाला खरं काय ते मान्य करावंच लागतं.

शंकेखोर : मग त्याच शर्यतीतल्या क्रोहर्स्टचं काय करायचं?

हौशी : मला वाटलंच तुम्ही तिथे याल.

शंकेखोर : येणारच. डोनाल्ड क्रोहर्स्ट हा तुमच्याहून मोठा हातांचा माणूस. इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर, खलाशांसाठी दिशा शोधायचं उपकरण त्याने स्वतः बनवून विकलं होतं. तीन सांगाड्यांची बोट, तिच्यात सगळ्या स्वतःच्या कल्पना. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबर १९६८ ला, अर्धवट बोट घेऊन निघाला. अटलांटिक सोडून तो कधी गेलाच नाही. महिनोन्महिने तिथेच घोटाळत राहिला आणि जग फिरत असल्याची खोटी ठिकाणं रेडिओवरून कळवत राहिला. खोट्या नोंदी लिहायच्या म्हणजे सूर्याची खोटी उंची उलटी गणितं करून काढायची. तेही हाताचंच कौशल्य. १० जुलै १९६९ ला बोट रिकामी सापडली. समुद्रावर थाप चालत नाही म्हणता? या माणसाने महिनोन्महिने चालवली.

(इथे हौशी बराच वेळ बोलला नाही. माझ्या मते या सगळ्या चर्चेतला हाच मुद्दा खरा अवघड होता. उत्तर त्याने दिलं, पण ते अर्धंच आहे.)

हौशी : त्याने थाप मारली ती माणसांना. बोटीला मारता आली नाही. निघाल्यानंतर पंधरवड्यातच त्याने स्वतःच्या वहीत बोटीचे दोष एकेक करून लिहिले होते. झाकणांतून पाणी येतंय, उपसायची सोय नीट नाही, दक्षिणेच्या समुद्रात ही टिकणार नाही. सगळं अचूक. म्हणजे हातांनी त्याला खरं सांगितलं होतं. घर गहाण होतं, पैसे लावणारा मागे होता, वर्तमानपत्रं वाट बघत होती, म्हणून तो मागे फिरू शकला नाही. दोष असेल तर समुद्राबाहेरचा. आणि हे विसरू नका, नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे ५,००० पौंड क्रोहर्स्टच्या बायको-मुलांना देऊन टाकले.

शंकेखोर : ते मोठेपण झालं, युक्तिवाद नाही झाला. तुम्ही आता म्हणताय की हातांना खरं कळतं, पण कळून माणूस खरा वागेलच असं नाही. मघाशी तुम्ही याहून मोठा दावा केला होता. तेवढा कमी झाला, एवढं नोंदवून ठेवतो. आता दुसरं. एकटा, एकटा म्हणता. अडचणीत आल्यावर तो एकटा राहत नाही. २०१८ मध्ये एकट्याने जग फिरण्याच्या शर्यतीत निघालेल्या, नौदलातल्या अभिलाष टोमींची डोलकाठी हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळात मोडली, मणक्याला मार लागला, हलता येईना. त्यांना उचलायला ऑस्ट्रेलियाची विमानं, आपल्या नौदलाचं विमान आणि फ्रान्सचं मत्स्यविभागाचं गस्ती जहाज धावलं. तीन दिवस जगातलं सगळ्यात निर्जन पाणी कापत ही माणसं गेली. कोळ्याची होडी फुटली तर एवढी विमानं येत नाहीत.

हौशी : येत नाहीत, आणि यायला हवीत. तुमचा राग मला कळतो, पण तो टोमींवर काढू नका. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिनचीही डोलकाठी मोडली होती. त्याने मोडक्या तुकड्यांवर तात्पुरतं शीड बांधलं आणि स्वतःच्या सुटकेऐवजी टोमींच्या दिशेने निघाला. तुमच्या वाडीत असंच करतात ना? जवळ असेल त्याने जायचं. आणि टोमींचं पुढचं ऐका. पाठीवर शस्त्रक्रिया झाली, चालायला पुन्हा शिकले, आणि २०२२ मध्ये त्याच शर्यतीला पुन्हा उभे राहिले. जुन्या पद्धतीची शर्यत, उपग्रहावरून दिशा बघायची नाही, कागदी नकाशे आणि सेक्स्टंट. या वेळी वाऱ्यावर चालणारं सुकाणू-यंत्र पुन्हा पुन्हा मोडलं. सुटे भाग संपल्यावर त्यांनी बोटीतल्या शौचालयाचं दार कापून त्याचं पातं केलं. २९ एप्रिल २०२३ ला दुसरे आले. दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर पहिली.

शंकेखोर : दाराचं पातं मला आवडलं. आमच्याकडेही असंच चालतं, फक्त त्याची बातमी होत नाही. आणि आता मला खरं बोचतंय ते सांगतो. २०१८ ची टोमींची बोट कुठे बांधली होती? गोव्यात. कशावरून? 'सुहैली'वरून, तिची हुबेहूब प्रत. आणि मूळ 'सुहैली' मुंबईच्या सुतारांनी, हाताच्या अवजारांनी, वाकसाने तासून बांधलेली. ज्या सांध्यात तुमचा नॉक्स-जॉन्स्टन पट्टी ठोकत होता तो एक सांधा गळला, हे तुम्ही रंगवून सांगितलंत. बाकीचे सगळे सांधे ३१२ दिवस धरून राहिले, ते कोणी जोडले? त्यांतल्या एका सुताराचं नाव सांगा मला. तुम्हाला शार्क माहीत आहे, पुस्तकाची पानं माहीत आहेत, सुतार माहीत नाही.

हौशी : नाही माहीत.

शंकेखोर : मुंबईला हे नवं नाही. इथल्या गोदीत लवजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून आले, पुढे त्यांच्या पिढ्यांनी इंग्रजांना सागवानी जहाजं बांधून दिली. 'ट्रिंकोमाली' १८१७ ची, आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. ओकच्या जहाजांपेक्षा सागवानी जहाजं टिकायची, कारण सागाच्या तेलात लोखंड लवकर गंजत नाही. वाडियांचं नाव तरी राहिलं. फळी तासणाऱ्याचं नाही राहिलं. तुमच्या या सगळ्या शिडाच्या साहित्यात शोध नेहमी प्रवाशाला लागतो. बांधणाऱ्याला काही तरी कळलं असेल, ही शक्यताच कुणी धरत नाही.

हौशी : इथे मी तुमच्या बाजूचा आहे, पण एक अपवाद सांगू द्या. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहायचे. समुद्रापासून इतक्या लांब बसून त्यांनी धोशा लावला की भारतीयाने भारतात बांधलेल्या बोटीतून एकट्याने प्रदक्षिणा करावी. नौदलातले दिलीप दोंदे पुढे आले. बोट बांधायला घेतली गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी. अशी बोट त्यांनी आधी बांधलेली नव्हती. ५६ फुटांचा सांगाडा, सिडारच्या पट्ट्या, आतून-बाहेरून फायबरग्लास. दोंदे नुसते वाट बघत बसले नाहीत, त्या यार्डात राबले. समुद्रात काही मोडलं तर ते कसं बांधलंय हे माहीत असलेला माणूस बोटीवर असावा, म्हणून. हीच 'म्हादेई'. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाली, चार थांबे घेऊन मे २०१० मध्ये परतली. पुढे टोमी याच बोटीतून न थांबता फिरून आले. म्हादेईने लाखाहून जास्त सागरी मैल कापले. आणि दिवाडीच्या त्याच यार्डात तिची बहीण 'तारिणी' बांधली. तिच्यातून आधी सहा जणी, मग २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा या दोघीच जग फिरून आल्या. म्हणजे एका बोटीत कळलेलं दुसरीत गेलं. हा शोध बांधणाऱ्याचा आणि चालवणाऱ्याचा मिळून आहे, आणि इथे दोघांची नावं लोकांना माहीत आहेत.

शंकेखोर : आहेत, कारण मागे नौदल होतं. नौदलाने मागणी नोंदवली म्हणून दुसरी बोट झाली. मागणी नसती तर कळलेलं तिथेच राहिलं असतं. याच न्यायाने नौदलाच्या 'कौंडिण्य' जहाजाबद्दलही मला शंका आहे. शिवलेलं जहाज! फळ्या खिळ्यांनी नाही, काथ्याच्या दोरीने शिवायच्या. मार्को पोलोने अशी जहाजं होर्मुझला बघितली होती आणि ती धोक्याची आहेत, पुष्कळ बुडतात, असं लिहून ठेवलं. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे नको वाटलं ते आपण आता कशाला बांधायचं?

हौशी : तुम्ही घाबरलेल्या प्रवाशाची साक्ष काढताय, खलाशाची नाही. तीच जहाजं त्याच्या आधी आणि नंतर कित्येक शतकं अरबी समुद्रात माल नेत होती. शिवलेली फळी लाटेबरोबर थोडी हलते, वाळूवर आपटली तर सहसा फुटत नाही. पण मला 'कौंडिण्य' आवडतं ते वेगळ्या कारणाने. त्याचा नमुना म्हणजे अजिंठ्याच्या भित्तिचित्रातलं जहाज. चित्रात दिसतं ते पाण्याच्या वरचं. पाण्याखाली पोट कसं, कणा कसा, हे चित्रकाराने काढलेलंच नाही, आणि जुना आराखडा कुठे उरलेला नाही. मग ते शोधायचं कसं? अभ्यासकांनी अंदाज बांधले, आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृती पाण्यात तपासली, आणि केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर यांनी गोव्यात शिवायला घेतलं. शिवणीचं ज्ञान पुस्तकात नव्हतं, त्यांच्या बोटांत होतं. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात आलं, डिसेंबरअखेर पोरबंदरहून एंजिनाशिवाय मस्कतकडे निघालं आणि जानेवारीत पोचलं. तुम्ही मघाशी विचारलंत ना, बांधणाऱ्याला काही कळतं का? इथे सगळ्यांच्या आधी त्यालाच कळलं.

शंकेखोर : हे मानतो. पण मग तुमचाच मुद्दा उलटतो, बघा. शोध शिवणाऱ्याच्या बोटांत असेल, तर तो प्रवासातून लागतो हे तुमचं पहिलं म्हणणं गेलं. जहाज बंदरातच उभं राहिलं असतं तरी शोध लागलाच होता.

हौशी : नाही लागला असता. शिवण घट्ट बसली की नाही हे मस्कतच्या वाटेवरच कळतं. बंदरात सगळ्याच बोटी चांगल्या असतात.

शंकेखोर : बरं, निम्मं तुमचं, निम्मं माझं. तरी शेवटचं विचारतो. ही मोठी जहाजं सरकारची. तुमची बोट तुमची. आमच्या किनाऱ्यावर लाकडाच्या होड्या जाऊन फायबरच्या आल्या. लाकडी काम जाणणारे सुतार म्हातारे झाले, त्यांची मुलं एसी दुरुस्तीला किंवा मुंबईत सिक्युरिटीला. तुम्ही तुमचं शीड शिवून, डोलकाठी उभारून गोव्यापर्यंत जाल, लेख लिहाल. त्यातून त्या सुताराच्या हातातलं कोणाकडे जाणार आहे?

हौशी : माझ्याकडे. थोडं. मी त्याच्या शेजारी बसून शिकतोय.

शंकेखोर : तुम्ही शिकाल, पण त्यावर तुमचं पोट नाही. कंटाळा आला की सोडाल. पोटाला लागल्याशिवाय असलं ज्ञान टिकत नाही, आणि पोटाला लागलं की माणूस पहिल्या संधीला एंजिन बसवतो. आमच्या वडिलांनी बसवलं तसं.

हौशी : मग हौशी माणसं तरी असू द्या. पोटासाठी कुणी करणार नसेल, तर निदान हौसेने करणारा सुताराला मजुरी देतो आणि विचारतो, हे असं का? तुमच्या वडिलांच्या वेळी विचारायची गरज नव्हती, सगळ्यांना येत होतं. आता विचारलं नाही तर जाईल. हे पुरेसं आहे असं मी म्हणत नाही.

शंकेखोर : पुरेसं नाहीच. पण बोटीवर तुमचं आणि बोटीचं नाव रंगवाल तेव्हा खाली त्या सुताराचंही रंगवा, एवढं तरी करा.

हौशी : रंगवीन. त्याने त्याच्या मुलाला काम मिळणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

शंकेखोर : माहीत आहे. १ जूनला मासेमारी बंद झाली की बोटी वर येतात, ३१ जुलैपर्यंत. सुतार तेव्हाच किनाऱ्यावर सापडतो. बोटीचं लाकूडकाम शिकायचं असेल कुणाला, तर त्या दोन महिन्यांत यावं, आणि मजुरी ठरवून यावं.